चार डेसिबल कुठून काढायचे? लागुना सेकाचा साउंड बूथ आणि लिटरची बाईक

कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर ९२ डेसिबलचा दिवस. १००० सीसीची, चार सिलिंडरची बाईक. मूळ एक्झॉस्ट घरी गॅरेजमध्ये पडलेला, गाडीला उजव्या अंगाने बाजारातून घेतलेली फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत अख्खा बदललेला एक्झॉस्ट, आणि सायलेन्सरच्या तोंडात आवाज दाबायला बसवतात ती अरुंद नळी, डीबी किलर, काढलेला. पहिल्याच सत्रात साउंड बूथमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या आवाज मोजणाऱ्या चौकीतून, कंट्रोलला ९६ हा आकडा कळवला जातो आणि त्या नंबराला काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून आत येण्याचा हुकूम, दाखवतात. प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे, पण त्यात अपवादात्मक काही नाही. या ट्रॅकवर पहिल्यांदा येणारा आणि दुसरीकडे कधी अडवला न गेलेला रायडर हमखास इथेच अडकतो.

चार डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. मोजणी लॉगरिदमिक असल्यामुळे ९६ वरून ९२ वर यायचं म्हणजे मायक्रोफोनपर्यंत पोचणारी ध्वनिऊर्जा ४० टक्क्यांवर आणायची. शिवाय काठावर पास होण्यात अर्थ नसतो. दर फेरीला आकडा एखाद-दुसऱ्या डेसिबलने हलतोच, त्यामुळे लक्ष्य ९० धरावं लागतं. म्हणजे ऊर्जा पाव हिश्श्यावर. सायलेन्सरवर एखादी टोपी चढवून हे होत नाही.

आधी जागा समजून घेऊ. १९५६ मध्ये पेबल बीचच्या रस्त्यावरच्या शर्यतीत एका चालकाचा मृत्यू झाला, तिथल्या शर्यती बंद पडल्या आणि १९५७ साली फोर्ट ऑर्ड या लष्करी तळाच्या जमिनीवर हा ट्रॅक उभा राहिला. १९७४ पासून तो मॉन्टेरी काउंटीच्या मालकीचा आहे, म्हणजे कायद्याने तो सार्वजनिक उद्यानाचा भाग. भोवतीच्या टेकड्यांवर आणि हायवे ६८ च्या कडेला वस्ती आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये हायवे ६८ कोअलिशन या रहिवाशांच्या गटाने काउंटीवर दावाही लावला; ट्रॅकचा वापर पूर्वीच्या मानाने फार वाढला आणि त्याबरोबर आवाज आणि वाहतूकही वाढली, अशी त्यांची तक्रार होती. त्यामुळे ट्रॅकचं कॅलेंडरच डेसिबलवर आखलेलं असतं: मोठ्या शर्यतींसाठी विनामर्यादेचे मोजके दिवस, काही दिवस १०५ चे, आणि सामान्य ट्रॅकडेच्या, म्हणजे हौशी रायडर्सनी शुल्क भरून ट्रॅकवर चालवायच्या दिवसाच्या, वाट्याला बहुधा ९० किंवा ९२. तुलनेसाठी, अमेरिकेतल्या एससीसीए या कार-शर्यतींच्या संघटनेची मर्यादा ५० फुटांवर १०३ आहे. नोंदणी करताना शुल्काच्या आधी हा आकडा बघावा. दोन डेसिबलचा फरक म्हणजे वेगळा सायलेन्सर.

साउंड बूथ पाचव्या आणि सहाव्या वळणाच्या मध्ये, ट्रॅकच्या उजव्या हाताला, कडेपासून ५० फुटांवर, म्हणजे सुमारे १५ मीटरवर आहे. ही जागा बाईकवाल्याला तिन्ही बाजूंनी महागात पडते. पाचवं वळण डावीकडचं, त्यातून बाहेर पडताना गाडी आपसूक उजव्या कडेला, बूथच्या अंगाला येते. पुढे चढ आहे, म्हणजे इंजिनावर भार आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. आणि आजच्या बहुतेक लिटर बाईकचा सायलेन्सर उजवीकडेच असतो. पाचव्यात गाडी डावीकडे झुकलेली असताना तो वर उचलला जातो. गाडी सरळ होता होता त्याचं तोंड मागे आणि उजवीकडे, जवळजवळ बूथच्या दिशेनेच राहतं. सहावं वळणही डावीकडचं, त्यामुळे तिथे शिरायलाही उजवी कडच धरावी लागते. थोडक्यात, रेसिंग लाइन, म्हणजे वळणांतून सर्वांत वेगाने जायचा मार्ग, मायक्रोफोनच्या पुढ्यातून जाते.

इथे हटकून एक वाद होतो. रायडर म्हणतो, ‘दुसऱ्या ट्रॅकवर १०५ च्या मर्यादेत पास झालो, इथे ९२ ला नापास कसा?’ दोन्ही आकडे खरे आहेत, पण मोजलेली गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये सर्रास चालणारी १०५ ची चाचणी गाडी उभी असताना होते: मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात. इंजिन किती फिरवायचं हे पिस्टनच्या सरासरी वेगावरून काढतात. ३०,००० ला सेकंदाला ११ मीटरने गुणायचं आणि मिलिमीटरमधल्या स्ट्रोकने भागायचं. स्ट्रोक ५५ मिलिमीटर असेल तर उत्तर ६,००० आरपीएम. इंजिन न्यूट्रलमध्ये, भार नाही, थ्रॉटल जेमतेम उघडा. अर्ध्या मीटरवरून १५ मीटरवर गेलं की अंतर तीसपट होतं आणि आवाज सुमारे साडेएकोणतीस डेसिबलने उतरतो. म्हणजे उभ्या चाचणीतले १०५ हे बूथच्या अंतरावर ७५-७६ व्हायला हवेत. बूथमध्ये ९६ दिसले, कारण तिथे तेच इंजिन बारा-तेरा हजारांवर, पूर्ण थ्रॉटलने, चढ ओढत होतं. मधले वीस डेसिबल भार आणि आरपीएमचे आहेत.

गाडीच्या कागदपत्रांवरचा आकडाही असाच फसवतो. युरोपात २०१६ च्या सुमारास लागू झालेल्या नियमानुसार जोरदार बाईकची मर्यादा ७७ डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून. पण ती चाचणी रस्त्यावरच्या वेगांची आणि मर्यादित आरपीएमची आहे. लाल रेषेजवळ, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ, गाडी काय करते हे तिच्यातून कळत नाही. तरीही मूळ एक्झॉस्ट, मूळ एअरबॉक्स (इंजिनात जाणाऱ्या हवेची, फिल्टरची पेटी) आणि धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असलेली लिटर बाईक बहुधा ९२ च्या आत राहते. आपल्याकडे पुणे-कोल्हापूरला पोलीस पुंगळ्या काढून रोडरोलरखाली घालतात तेव्हा वाद मूळ पुंगळी की बदललेली एवढाच असतो. इथे मात्र बदललेली चालते, फक्त आकडा पाळावा लागतो.

तर हे जादा चार डेसिबल आले कुठून? शोध इंजिनाकडून मागे जावा, सायलेन्सरच्या तोंडापासून नव्हे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट मूळ हेडर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पुढच्या नळ्या, काढून फुल सिस्टीम लावली की पहिला तोटा तिथेच होतो, कारण कॅटचा मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा आवाजही बराच खातो. नुसता स्लिप-ऑन, म्हणजे फक्त शेवटचा सायलेन्सर, बदलून लावला आणि कॅट जागेवर ठेवला तर पुढचं निम्मं काम वाचतं. मग सांधे. हेडर सिलिंडर हेडला मिळतो तिथली तांब्याची गॅस्केट एकदा दाबली गेली की पुन्हा वापरायची नसते. पुन्हा वापरली तर गळते आणि कडक, टिकटिक आवाज थेट बाहेर पडतो. तपासणी सोपी आहे. गाडी गार असताना सुरू करा आणि सांध्याभोवती साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे दिसले की गळती सापडली. हेडर तापल्यावर पाणी नुसतं उकळून जातं, म्हणून पहिल्या मिनिटातच बघावं. सायलेन्सर जिथे मधल्या नळीवर, मिडपाइपवर, चढतो तिथला स्प्रिंगचा सांधाही काळा पडलेला दिसतो का ते बघावं. काजळीचा पंखा उमटला असेल तर तिथे उच्च तापमानाचं सीलंट लावायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं.

पण खरा चोर बहुतेक वेळा सायलेन्सरच्या आतलं पॅकिंग असतं. आत भोकांची जाळीदार नळी, तिच्याभोवती काचतंतू, त्यावर बाहेरचं आवरण. आवाज भोकांतून तंतूंत शिरतो आणि तिथे त्याची उष्णता होते. हे तंतू जळतात, तेलाने भिजतात, कडक होतात आणि तुकड्यातुकड्याने भोकांवाटे बाहेर उडतात. वर्षभर ट्रॅकवर चाललेला सायलेन्सर उघडला तर पुढच्या तोंडाशी, जिथे वायू सर्वांत तप्त असतो तिथे, पोकळी दिसते आणि मागे काळपट, पापडासारखा थर. बाहेरून काहीच कळत नाही. आवाज हळूहळू वाढतो, म्हणून रायडरच्या कानालाही कळत नाही. उघडण्याआधी रबरी हातोडीने आवरणावर लांबीभर ठोकून बघावं. भरलेला भाग ठस वाजतो, रिकामा भाग डब्यासारखा.

पॅकिंग बदलणं घरच्या घरी होतं. टोकाच्या टोपीचे रिव्हेट ड्रिलने काढायचे. बहुतेक ठिकाणी ते ४.८ मिलिमीटरचे असतात, त्यांना ५ चा बिट पुरतो; हळू चालवायचा, नाहीतर रिव्हेट गरगर फिरतो आणि कार्बनच्या आवरणातलं भोक मोठं होतं. टोपी आणि नळी कुठल्या कोनात बसली होती याची मार्करने खूण आधीच करून ठेवायची. जुना माल मास्क आणि हातमोजे घालून काढायचा, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. जाळीची भोकं काजळीने बुजलेली असतील तर तारेच्या ब्रशने मोकळी करायची, कारण बुजलेल्या भोकामागे कितीही तंतू भरले तरी आवाज तिथवर पोचत नाही.

भरायचं किती, यावर सगळं ठरतं. लिटरला १०० ते १५० ग्रॅम ही चांगली घनता. आवरणाचा आतला व्यास ११० मिलिमीटर, नळी ५० ची आणि लांबी ३५० असेल तर मधली जागा सुमारे २.६ लिटर निघते, म्हणजे २६० ते ४०० ग्रॅम माल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्यावा, अंदाजाने नव्हे. कमी पडला तर तो पहिल्याच दिवशी एका टोकाला सरकतो. फार ठासला तर तंतूंमधली हवा संपते आणि माल भिंतीसारखा वागू लागतो, आवाज शोषण्याऐवजी परत फेकतो. जास्त माल म्हणजे जास्त शांतता असं समजून कित्येक सायलेन्सर असे बिघडवलेले असतात. नळीला लागून स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा एक पातळ थर द्यावा म्हणजे काचतंतूंना थेट झळ लागत नाही. त्यावर चादर दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून मास्किंग टेपने बांधायची. टेप आत जळून जाते, हरकत नाही. मग आवरण फिरवत फिरवत चढवायचं, दोन्ही टोकांना सीलंट, नवे स्टेनलेस रिव्हेट. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर येतो आणि वास सुटतो. हे कुणाच्या पिटमध्ये नको, आदल्या दिवशी घरी उरकावं. रिकामा झालेला सायलेन्सर असा भरला की आपल्या चारपैकी दोन-तीन डेसिबल इथेच परत मिळू शकतात.

उरलेल्यासाठी डीबी किलर. नमुन्यातल्या गाडीतून तो काढलेलाच होता, म्हणजे पहिलं काम तो परत बसवणं. तो मुळात गळा आवळतो: ५० मिलिमीटरचं तोंड ३८ चं झालं की क्षेत्रफळ ५८ टक्क्यांवर येतं. वरच्या आरपीएमला ताकद थोडी कमी होते आणि फ्युएल मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा इंजिनाच्या संगणकातला तक्ता) खुल्या पाइपसाठी बसवलेला असेल तर मिश्रण बदलतं, म्हणून मॅप डीबी किलर बसवूनच करून घ्यावा. मात्र तो नुसत्या एका बोल्टवर सोडू नये. उष्णतेने आणि कंपनाने एम६ चा बोल्ट सैल होतो आणि किलर मागच्याच्या दिशेने सुटतो. बोल्टच्या डोक्याला भोक पाडून लॉकवायर ओवणं हा सर्वांत स्वस्त विमा. सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, बसणारा प्रकार असेल तर सर्क्लिप दर वेळी नवी.

तोंड खाली किंवा डावीकडे वळवणारा तुकडा, म्हणजे टर्नडाउन, हा लागुना सेकाचा खास जुगाड. तो आवाज मारत नाही, दिशा बदलतो. वरच्या पट्टीतला, कर्कश आवाज पाइपच्या तोंडाच्या दिशेने जास्त जातो. तो मायक्रोफोनकडून फिरवला की एक-दोन डेसिबल हाती लागतात. खालच्या पट्टीचा घुमारा चहूकडे पसरतो, त्याला याचा फरक पडत नाही. तुकडा क्लॅम्पने नव्हे, वेल्डने किंवा रिव्हेटने पक्का करावा. आणि बाहेर येणारा वायू मागच्या टायरच्या कडेवर किंवा एबीएसच्या वायरीवर पडत नाही ना, हे गाडी स्टँडवर घेऊन बघावं. टायरची उजवीच बाजू तापली तर आवाजाचा प्रश्न सुटून पकडीचा सुरू होतो.

एअरबॉक्स लोक विसरतात. ९६ वर असताना त्याचा वाटा जाणवत नाही, पण एक्झॉस्ट ८९-९० वर आला की इंजिन हवा ओढतानाची गुरगुर आकड्यात दिसू लागते. झाकणाला पाडलेली भोकं, काढून टाकलेला स्नॉर्कल (हवा आत घेणारी नळी), रेसचा खुला फिल्टर हे सगळं परत मूळ स्थितीत आणावं लागतं. पाइप बदलून बदलून दमलेल्याचा आकडा ९१ वर अडला असेल तर बहुधा कारण हेच.

चालवण्याचं तंत्र या सगळ्यानंतर येतं, आणि तेही शेवटच्या एक-दोन डेसिबलसाठी. नेहमीचा सल्ला असा की पाचव्यातून बाहेर पडताच एक गिअर वर टाकावा. सल्ला बरोबर आहे. १३,००० ऐवजी १०,००० वर बूथ ओलांडला तर गाडीगणिक तीन ते सहा डेसिबल पडू शकतात. पण गिअर कुठे टाकला हे महत्त्वाचं. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर क्षणभर इग्निशन तोडतो, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जातं आणि फट् आवाज होतो. ध्वनिमापकाची ‘फास्ट’ सेटिंग १२५ मिलिसेकंदांची असते, एवढा फटाका तिला पुरतो. म्हणून बदल बूथच्या चांगला अलीकडे उरकायचा आणि समोरून जाताना थ्रॉटल एकसारखा, तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवायचा.

ट्रॅकची डावी कड धरून जावं, हाही सल्ला कानावर पडतो. हिशेब त्याच्या बाजूने आहे: मायक्रोफोनपासूनचं अंतर १५ ऐवजी २५ मीटर झालं तर ४.४ डेसिबल कमी, म्हणजे आपला पूर्ण प्रश्न एका झटक्यात सुटला. तरी तो घेऊ नये. पाचव्यातून बाहेर पडणारा मागचा रायडर रेसिंग लाइनवर पूर्ण जोरात येत असतो, आणि पुढचा भलत्याच ठिकाणी, हळू, आणि सहाव्यासाठी परत उजवीकडे आडवा येणार. हातातल्या गाडीचा आवाज गॅरेजमध्ये कमी करता येतो. इथे तो कमी करायला गेलं तर दुसऱ्याच्या जिवाशी गाठ.

आता एक अशी गोष्ट जी पास होणाऱ्या गाडीलाही नापास करते. दोन आवाज एकत्र आले की डेसिबलची साधी बेरीज होत नाही, पण वाढ होतेच. ९० आणि ९० मिळून ९३ होतात. ९० ची गाडी आणि बरोबर ८८ ची गाडी असेल तर ९२.१. दोघंही एकेकटे पास, जोडीने नापास, आणि झेंडा कुणाला हे बूथमधल्या माणसाने कुणाचा नंबर टिपला त्यावर. म्हणून पाचव्यापूर्वी पुढच्याला थोडं अंतर द्यावं, ओव्हरटेक तिथे करूच नये. शक्य असेल तर पहिल्या सत्रात मोकळ्या जागेत दोन स्वच्छ फेऱ्या मारून स्वतःचा आकडा विचारून घ्यावा. तोच दिवसभराचा आधार.

घरून तयारी करताना फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबू नये. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी असतो, मोठ्या आवाजाला तो आपोआप दाबतो किंवा छाटतो. साधा क्लास २ चा मापक आणि ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर एवढं तरी हवं, आणि त्यातही डेसिबलभर चूक गृहीत धरायची. पूर्ण थ्रॉटलची चाचणी घरापुढे होत नाही, म्हणून उभ्या गाडीचा फरक मोजावा: मोकळं मैदान, आसपास भिंत किंवा गाडी नाही, मायक्रोफोन अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत, स्ट्रोकवरून काढलेला तोच आरपीएम, कामाआधी तीन आणि कामानंतर तीन वाचनं. उभ्या चाचणीत तीन डेसिबल उतरले म्हणून बूथमध्येही बरोबर तीनच उतरतील असं नाही, पण काम लागू पडलं की नाही हे नक्की कळतं. गाडीच्या आरपीएमच्या काट्याकडे बघत तो स्थिर धरायला दुसरा माणूस लागतो.

आणि काळा झेंडा मिळालाच तर? साधारण पद्धत अशी की पहिल्या वेळी आत बोलावून आकडा सांगतात, दुरुस्ती करून परत सोडतात, पुन्हापुन्हा घडलं तर त्या गाडीचा दिवस संपतो. किती वेळा चालवून घेतात ते संयोजकागणिक बदलतं, सकाळच्या रायडर्स मीटिंगमध्ये नीट ऐकावं. पिटमध्ये अर्ध्या तासात करण्याजोगं म्हणजे बरोबर आणलेला लहान तोंडाचा डीबी किलर बसवणं, स्प्रिंग आणि सांधे तपासणं, एक गिअर वर चालवणं. नळीत स्टील वूल कोंबण्याचा मोह टाळावा, ती लाल होऊन ठिणग्यांसकट बाहेर येते. ज्यांचा स्लिप-ऑन आहे त्यांनी मूळ सायलेन्सर, त्याचा क्लॅम्प आणि गॅस्केट गाडीत टाकून आणावा; तो बदल दोन सत्रांच्या मधे होतो. फुल सिस्टीमवाल्याला ती सोय नाही. हेडर उतरवायचा म्हणजे रेडिएटर सैल करणं, ऑक्सिजन सेन्सर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या केबली जोडणं, आणि तापलेल्या इंजिनावर हात भाजणं.

सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या मराठी रायडरला हा ट्रॅक जवळचा, सॅन होजेहून सुमारे ११० किलोमीटर, म्हणून पहिला ट्रॅकडे बऱ्याचदा इथेच ठरतो. गाडी मूळ एक्झॉस्टवर असेल तर या लेखातलं क्विकशिफ्टर आणि दोन गाड्यांच्या बेरजेचं तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फुल सिस्टीम लावलेली असेल आणि पॅकिंग कधी बदललं ते आठवत नसेल, तर १०५ चा दिवस शोधून नोंदणी करावी, किंवा तारखेच्या आदल्या शनिवारी ड्रिल, रिव्हेट गन आणि ४०० ग्रॅम काचतंतू घेऊन बसावं.